साठ विरुद्ध शून्य : मॉरिशसच्या निवडणुकीचा अंदाज, ओरत्तनाडूहून

मॉरिशस केवढा, असं कुणी विचारलं तर मी आमच्या जिल्ह्याचं माप सांगते. २०११ च्या जनगणनेत तंजावर जिल्ह्यात २४ लाख माणसं होती. मॉरिशसमध्ये साधारण त्याच्या निम्मी आहेत. मतदार म्हणाल तर दहा लाखांच्या आसपास. आमचा ओरत्तनाडूचा एक आमदार दोन लाखांहून जास्त मतदारांचा असतो. तिथे दहा लाख मतदारांतून सगळी संसद निवडली जाते. नेते शेजारच्या गल्लीतले असल्यासारखे माहीत, उमेदवाराचे आजोबा कुठल्या मळ्यावर राबत होते तेही माहीत. अशा ठिकाणचा निकाल आधी सांगणं सोपं असेल, असं वाटतं ना? मुळीच नाही.

आता ओरत्तनाडूत बसून मॉरिशसची निवडणूक का पाहायची, हेही सांगते. मराठी आणि तमिळ एकाच गल्लीत पिढ्यान् पिढ्या राहिल्या, अशी ठिकाणं जगात थोडीच. एक आमचा तंजावर भाग, जिथे १६७६ पासून १८५५ पर्यंत भोसल्यांचं राज्य होतं. दुसऱ्या सरफोजी राजांच्या काळातलं मुक्तांबाळ छत्रम् ओरत्तनाडूत आजही उभं आहे. दुसरं ठिकाण मॉरिशस. तिथे कोकणातून गेलेल्या मजुरांची पणतवंडं मराठी भजनं म्हणतात आणि तमिळ मजुरांची पणतवंडं थैपूसमला कावडी घेतात. गणेश चतुर्थी आणि थैपूसम या दोन्ही दिवशी अख्ख्या देशाला सुट्टी असते. रिव्हिएर न्वार जिल्ह्यातल्या कास्कावेलचा गणपती तर तिथल्या मराठी माणसांचा अभिमान. त्यामुळे तिथली निवडणूक आली की इथे माझ्या फोनवर दोन्ही भाषांतून बातम्या आणि पैजा सुरू होतात. घड्याळ आपल्यापेक्षा फक्त दीड तास मागे, त्यामुळे जागरणही करावं लागत नाही.

आधी तिथली मतदानाची रीत समजून घेऊ, कारण सगळी गंमत तिथेच आहे.

मुख्य बेटावर २० मतदारसंघ आहेत. प्रत्येकातून तीन खासदार. म्हणजे ६० जागा. पाचशेहून जास्त किलोमीटर दूर असलेल्या रॉड्रिग्ज बेटाला दोन. एकूण ६२. मुख्य बेटावरच्या मतदाराला तीन मतं द्यायची असतात, आणि तीन म्हणजे बरोबर तीन. दोनच खुणा केल्या तर मत बाद, चार केल्या तरी बाद. मतपत्रिका कागदाची आणि मोजणी हाताने.

बहुतेक लोक तिन्ही मतं एकाच आघाडीला देतात. समजा एका मतदारसंघात शंभर लोकांपैकी ४५ जणांनी एका आघाडीला तिन्ही मतं दिली, ३५ जणांनी दुसरीला, २० जणांनी तिसरीला. निकाल काय? पहिली आघाडी तीन, बाकीच्या शून्य. पन्नास टक्केसुद्धा लागले नाहीत. आणि बेट छोटं, सगळे तोच रेडिओ ऐकतात, त्याच भावाने तेल आणि तांदूळ विकत घेतात. त्यामुळे वारा एकीकडे वाहिला की वीसही मतदारसंघांत तिकडेच वाहतो. मग ६० विरुद्ध ०.

हे पुस्तकी गणित नाही. असं तीनदा झालं आहे. जून १९८२ मध्ये एमएमएम आणि पीएसएम यांच्या आघाडीने मुख्य बेटावरच्या सगळ्या ६० जागा घेतल्या. देशाला १२ मार्च १९६८ ला स्वातंत्र्यात नेणारे पंतप्रधान शिवसागर रामगुलाम स्वतःच्या मतदारसंघात पडले. डिसेंबर १९९५ मध्ये लेबर आणि एमएमएम एकत्र आले, पुन्हा ६०-०. तेव्हाचे पंतप्रधान अनिरुद्ध जगन्नाथ पडले. आणि १० नोव्हेंबर २०२४ ला तिसऱ्यांदा तेच झालं. लेबर, एमएमएम आणि दोन छोटे पक्ष मिळून केलेल्या आघाडीला साठ टक्क्यांहून जास्त मतं आणि साठच्या साठ जागा. पंतप्रधान प्रविंद जगन्नाथ, म्हणजे अनिरुद्ध यांचे चिरंजीव, आठ नंबरच्या मतदारसंघात हरले. शिवसागर यांचे चिरंजीव नवीन रामगुलाम पंतप्रधान झाले. दोन घराणी, मुलं वडिलांच्या जागी, आणि शून्याचा फटका आलटूनपालटून. नवीन रामगुलाम स्वतः २०१४ आणि २०१९ अशा दोन्ही वेळा आपापल्या मतदारसंघात पडले होते, हेही विसरू नका.

महाराष्ट्रातल्या वाचकांना हे ओळखीचं वाटेल. त्याच नोव्हेंबरात तुमच्याकडे महायुतीने २८८ पैकी २३० हून जास्त जागा घेतल्या आणि विधानसभेत विरोधी पक्षनेता व्हायला लागतील एवढे आमदार एकाही विरोधी पक्षाकडे उरले नाहीत. त्याआधी सहाच महिन्यांपूर्वी लोकसभेला महाविकास आघाडीने ४८ पैकी ३० जागा जिंकल्या होत्या. आमच्या तमिळनाडूला तर याची सवयच आहे. १९९६ मध्ये अण्णाद्रमुकला २३४ पैकी फक्त ४ जागा मिळाल्या आणि मुख्यमंत्री जयललिता बरगूरमध्ये पडल्या. २००४ च्या लोकसभेला द्रमुकच्या आघाडीने ३९ च्या ३९ जागा उचलल्या.

ओरत्तनाडू मात्र जरा हट्टी आहे. २००६ मध्ये राज्यात द्रमुक आला, इथे अण्णाद्रमुकचे वैद्यलिंगम निवडून आले. २०१६ मध्ये राज्यात अण्णाद्रमुक, इथे द्रमुकचे रामचंद्रन. २०२१ मध्ये राज्यात द्रमुक, इथे पुन्हा वैद्यलिंगम. राज्याचा वारा पाहून आमच्या गावावर पैज लावणारा तीन वेळा हरला असता. एवढ्या मोठ्या राज्यात असा एखादा कोपरा वाऱ्याला पाठ करून उभा राहू शकतो. मॉरिशसच्या मुख्य बेटावर २०२४ ला असा एकही कोपरा उरला नाही.

मग अंदाज कशावरून बांधायचा?

तिथे एक जुनी सवय आहे, १ मेच्या सभा मोजायची. कामगार दिनाला प्रत्येक पक्ष आपली ताकद दाखवतो. एमएसएमचा सूर्य आणि केशरी रंग, लेबरची किल्ली आणि लाल रंग, एमएमएमचं हृदय आणि जांभळा रंग, पीएमएसडीचा कोंबडा आणि निळा रंग. लहान मुलांना निवडणूक समजावायची तर यापेक्षा सोपं चित्र नाही. दुसऱ्या दिवशी सगळी चर्चा कुणाची गर्दी मोठी यावर. पण गर्दी बसने आणता येते, बिर्याणीनेही थांबवता येते. आपल्याकडच्या कुठल्याही सभेला गेलेल्या माणसाला हे सांगायला नको.

दुसरी सवय जास्त चिवट आहे, जमातीवरून हिशेब करायची. एवढे हिंदू, एवढे मुसलमान, एवढे क्रिओल, एवढे चिनी. त्यात इतके तमिळ, इतके तेलुगू, इतके मराठी. मग ‘मराठी मतं कुणाकडे’ असा प्रश्न. पक्ष तिकिटं वाटताना हा हिशेब करतात हे खरं आहे. पण निकालाचा अंदाज त्यावर बांधला की फसगत ठरलेली. साधी गोष्ट बघा, प्रत्येक जमात आपापल्याच पक्षाला मत देत असती तर ६०-० हा निकाल लागलाच नसता, आणि तीनदा तर नाहीच नाही. वीस मतदारसंघांतले सगळे लोक एका जमातीचे नाहीत.

तिसरी सवय म्हणजे बेरीज. दोन मोठे पक्ष एकत्र आले, त्यांच्या मागच्या वेळच्या मतांची बेरीज केली, झाला निकाल. २०१४ मध्ये नेमकं हेच केलं गेलं. सत्तेत असलेले नवीन रामगुलाम आणि विरोधातले पॉल बेरेंजर एकत्र आले. बेत असा की राज्यघटना बदलायची, राष्ट्राध्यक्ष थेट लोकांकडून निवडायचा, रामगुलाम राष्ट्राध्यक्ष आणि बेरेंजर पंतप्रधान. देशातले सर्वात मोठे दोन पक्ष एका बाजूला. कागदावर समोर कुणी उरलंच नव्हतं. निकाल लागला तेव्हा या महाआघाडीला १३ जागा आणि समोरच्या लेपेप आघाडीला ४७. चौऱ्याऐंशी वर्षांचे अनिरुद्ध जगन्नाथ पुन्हा पंतप्रधान झाले.

२०१९ मध्ये उलटं. अनिरुद्ध यांनी २०१७ मध्ये पद मुलाकडे दिलं होतं, त्यावर बरीच नाराजी होती. प्रविंद जगन्नाथ यांच्या आघाडीला ३८ टक्क्यांच्या आत मतं मिळाली. लेबर आणि पीएमएसडीला मिळून ३३ च्या आसपास, एमएमएमला २० हून थोडी जास्त. म्हणजे शंभरातल्या साठाहून जास्त लोकांनी सरकारला मत दिलं नव्हतं. तरी सरकारला ६२ पैकी ३८ जागा, आरामात बहुमत.

या तीन निवडणुका शेजारी ठेवल्या की माझ्या मते एकच प्रश्न कामाचा उरतो : सरकारवरचा राग एका जागी गोळा होतोय की दोन जागी वाटला जातोय? २०१४ मध्ये सत्ताधारी आणि मुख्य विरोधक हातात हात घालून आले, तेव्हा रागावलेल्या माणसाला जायला एकच दार उघडं राहिलं आणि तो तिकडे गेला. २०१९ मध्ये दोन दारं होती, राग वाटला गेला, सरकार वाचलं. २०२४ मध्ये पुन्हा एकच दार. १९८२ आणि १९९५ लाही तेच. कोण कुणाबरोबर आहे हे मोजण्यापेक्षा विरोधात किती दारं उघडी आहेत ते मोजावं. अर्थात राग मुळात असायला हवा. २०१० मध्ये नवीन रामगुलाम सत्तेत असूनही ६२ पैकी ४१ जागा घेऊन परत आले होते, कारण तेव्हा लोक तेवढे चिडलेलेच नव्हते.

२०२४ च्या त्या पाच आठवड्यांत मात्र रोज नवं काहीतरी होत होतं. ३ ऑक्टोबरला ब्रिटनने चागोस बेटांवरचं मॉरिशसचं सार्वभौमत्व मान्य करत असल्याची घोषणा झाली. पन्नास वर्षांहून जुना लढा. दुसऱ्याच दिवशी संसद विसर्जित झाली. त्या दिवशी कुणाला विचारलं असतं तर बहुतेकांनी जगन्नाथ यांचंच नाव घेतलं असतं. मग ‘मिस्सी मुस्तास’, म्हणजे मिशीवाले साहेब, या नावाच्या खात्यावरून फोनवरच्या संभाषणांच्या चोरून टेपलेल्या फिती बाहेर येऊ लागल्या. राजकारणी, पत्रकार, वकील, पोलीस, सगळ्यांचे आवाज. सरकार म्हणालं, हे बनावट आवाज आहेत. लोकांनी आवाज ओळखले होते. एवढ्याशा बेटावर आवाज ओळखायला वेळ लागत नाही.

आणि ३१ ऑक्टोबरला, मतदानाला दहा दिवस उरले असताना, सरकारने निवडणूक संपेपर्यंत समाजमाध्यमं बंद करायचा हुकूम काढला. दुसऱ्या दिवशी तो मागे घ्यावा लागला. माझ्या मते निवडणूक त्या एका दिवसात संपली. चागोस महत्त्वाचं खरं, पण ते नकाशावर आहे. फोन खिशात असतो. कॅनडातल्या मुलीशी रोज रात्री व्हिडिओवर बोलणाऱ्या आजीला राजकारणात रस नसेल, पण आज मुलगी दिसली नाही हे तिला कळतं. ती आजी कुठल्याच सभेच्या गर्दीत मोजली गेली नव्हती.

मतमोजणीच्या दिवशी, ११ नोव्हेंबरला, पूर्ण निकाल यायच्या आधीच जगन्नाथ यांनी मोठा पराभव समोर दिसत असल्याचं मान्य केलं.

इथे आणखी एक तरतूद सांगायलाच हवी, कारण मराठी माणसांचा तिच्याशी थेट संबंध आहे. ६२ निवडून आल्यावर आणखी आठपर्यंत खासदार हरलेल्या उमेदवारांतून घेता येतात. याला तिथे ‘बेस्ट लूझर’ पद्धत म्हणतात. कल्पना अशी की निवडणुकीत एखाद्या जमातीला जागा कमी पडल्या तर त्या जमातीतला चांगली मतं घेऊन हरलेला उमेदवार संसदेत घ्यायचा. राज्यघटनेत यासाठी चार कप्पे आहेत : हिंदू, मुस्लिम, चिनी वंशाचे आणि बाकी सर्व. मराठी कप्पा नाही, तमिळ नाही, तेलुगूही नाही; हे सगळे हिंदू कप्प्यात मोजले जातात. त्यामुळे संसदेत मराठी चेहरा दिसायचा तर तो पक्षाने दिलेल्या तिकिटातूनच. आणि हिशेबाला धरलेली जनगणना कधीची? १९७२ ची. त्यानंतरच्या जनगणनेत जमात विचारतच नाहीत, म्हणून पन्नास वर्षांपूर्वीचे आकडे अजून चालू आहेत.

ही पद्धत काढून टाका असं म्हणणारे पुष्कळ आहेत आणि त्यांचं म्हणणं पोकळ नाही. उमेदवाराने अर्ज भरताना आपली जमात लिहायची, हेच अनेकांना खटकतं. २०१२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीनेही या सक्तीवर बोट ठेवलं. कुणी मराठी आई आणि क्रिओल वडिलांचा मुलगा असेल तर त्याने काय लिहायचं? तरीही २०२४ ला, साठ विरुद्ध शून्य झाल्यावर, पराभूत पक्षाची माणसं विरोधी बाकावर बसली ती याच जुनाट वाटेने. विरोधी पक्षनेते झालेले जो लेझोंगार निवडून आले नव्हते; हरलेल्यांतून घेतले गेले. मला ही पद्धत आवडत नाही. पण ती नसती तर त्या दिवशी सरकारला प्रश्न विचारायला मुख्य बेटावरून एकही माणूस उरला नसता, हेही डोळ्यांआड करता येत नाही. मला विचाराल तर आधी दुसरी व्यवस्था आणावी, मतांच्या टक्क्यांप्रमाणे काही जागा देणारी, आणि मगच ही काढावी. तसे प्रस्ताव तिथे वीसेक वर्षं येतात आणि जातात. ज्याला ६० मिळाल्या त्याला बदलायची घाई नसते आणि ज्याला ० मिळाल्या त्याच्या हातात काही नसतं.

पूर्ण बहुमत मिळालं की पुढची पाच वर्षं निवांत, असा समज असेल तर तोही सोडा. १९८२ चं ६०-० वालं सरकार नऊ महिन्यांत फुटलं आणि ऑगस्ट १९८३ मध्ये पुन्हा निवडणूक झाली. १९९५ वाल्यांची सोबत १९९७ मध्ये तुटली. दोन्ही वेळा बाहेर पडलेल्यांत बेरेंजर होते. समोर विरोधक नसला की भांडण घरातच सुरू होतं. एकत्र कुटुंबात राहिलेल्यांना हे समजावून सांगायला नको.

तिसऱ्या ६०-० नंतर काय? जून २०२५ च्या अर्थसंकल्पात सरकारने म्हातारपणाच्या पेन्शनचं वय ६० वरून हळूहळू ६५ वर न्यायचं जाहीर केलं. मॉरिशसमध्ये ही पेन्शन सगळ्यांना मिळते, घर चालतं तिच्यावर. २०१९ ची निवडणूक बऱ्याच अंशी तिच्या वाढीच्या आश्वासनावर लढली गेली होती. तिजोरी रिकामी आहे, म्हातारे वाढताहेत, हे सरकारचं म्हणणं खोटं नाही. पण प्रचारात हे कुणी सांगितलं नव्हतं. तेव्हा दोन्ही बाजू पगारदारांना चौदाव्या महिन्याच्या पगाराचं आश्वासन देत होत्या. लोक रस्त्यावर उतरले. एकोणसाठाव्या वर्षी ऊस कापणाऱ्या किंवा हॉटेलात चादरी बदलणाऱ्या बाईने पुढच्या वर्षाचा हिशेब करून ठेवलेला असतो. तिचा प्रश्न संसदेत कोण विचारणार? विरोधी बाकावरचे मोजके लोक, नाहीतर सत्ताधाऱ्यांतलाच एखादा नाराज खासदार.

म्हणून आता मी पैज जागांवर लावत नाही. मॉरिशसच्या बातम्या उघडल्या की आघाडीत कोण रुसलंय, कुणी राजीनाम्याची भाषा केली, बेरेंजर आज काय म्हणाले, ते आधी वाचते. मुलांना खेळायचं असेल तर त्यांना एक कागद द्या आणि पुढच्या निवडणुकीच्या सहा महिने आधी दोनच गोष्टी लिहायला सांगा : लोक चिडलेत का, आणि चिडलेल्यांना किती दारं उघडी आहेत. कागद घडी घालून देवघरात ठेवायचा आणि मोजणीच्या दिवशी उघडायचा. आमच्या घरात दोन कागद आत्ताच तयार आहेत, आणि दोन्हींवर दारांची संख्या वेगळी आहे.